हिलाल मिस्तरीने बसवलेले चार दात

जळगावात मोटारी दुरुस्त करणाऱ्यांतले निम्मे लोक आजही हिलाल मिस्तरीच्या नावानं बोटं मोडतात. उरलेले निम्मे त्याच्या हाताखालून गेलेले आहेत, ते घरी जाऊन मोडतात. मला त्यात नवल वाटत नाही. माणूस सोपा नाहीच. हॉटेलात चहा गार मिळाला तर हा आत जाऊन स्वतः चूल फुंकणार, आणि वर हॉटेलवाल्याला चूल कशी मांडावी ते शिकवणार. पण गेल्या सात वर्षांत तोतारामच्या मोटारीवरून ज्या कंड्या पिकल्या त्या ऐकून माझं डोकं उठतं. कोणी म्हणतं मिस्तरीनं मुंबईहून चोरून पार्ट आणला, कोणी म्हणतं गाडी पास झालीच नाही, नुसता कागद आला. मी तिथं होतो. जे झालं ते लिहून ठेवतो, ज्याला पटायचं त्याला पटेल.

मी तेव्हा एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हजेरी मांडायचो आणि हिलाल तिथं फिटर होता. दसरा झाला की कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांग लावायच्या आणि सरकी काढणारे चाळीस रेचे एका लांब शाफ्टवर फिरू लागायचे. प्रत्येक रेच्याला दोन पुल्या, एक कामाची आणि एक रिकामी. रेचा चालू करायचा म्हणजे फिरता पट्टा रिकाम्या पुलीवरून कामाच्या पुलीवर ढकलायचा. त्यासाठी लाकडी दांडा असतो, आणि तो एका झटक्यात रेटावा लागतो. भीत भीत रेटला तर पट्टा मध्येच घुटमळतो, घासतो आणि जळतो. हिलालनं हा झटका बावीस वर्षं मारला होता. नवीन माणसानं दांड्याला हळूच हात लावला की तो ओरडायचा, "लगीन लागस का तुनं? ढकल!"

जगातली सगळी यंत्रं ही रेच्याचीच भावंडं आहेत असं त्याचं पक्कं मत होतं. शिवणयंत्र, छापखान्याचं यंत्र, पिठाची गिरणी, काहीही दाखवा. "चाकच शेतस ना?" म्हणजे चाकंच आहेत ना, असं म्हणायचा, आणि विषय संपला.

तोताराम हा आमच्या शेठचा भाड्याचा मोटारवाला. कारखान्याचा नोकर नव्हे, गाडी त्याची स्वतःची होती. अठ्ठावीस सालची, उघडी, कापडी टपाची, सात माणसं बसतील अशी लांबलचक विलायती मोटार. ती बनवणारी कंपनी एकतीस सालच्या मंदीत बुडाली होती. नाकावरच्या पितळी पट्टीवर तिचं नाव होतं, पण पुसून पुसून तोतारामनंच त्यातली निम्मी अक्षरं घालवली होती. लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, चाळीसगावला गाडी पकडणारे व्यापारी, कोर्टात धुळ्याला जाणारे वकील, सगळे त्या मोटारीतून जायचे. तोताराम बोलायला अगदी कमी. भाडं घ्यायलासुद्धा नुसता हात पुढे करायचा.

त्रेपन्न सालच्या जूनअखेरची गोष्ट. हंगाम संपला होता, रेचे खोलून ठेवले होते. तोताराम शेठना स्टेशनवरून घेऊन आला आणि फेरीच्या चिठ्ठीवर सही घ्यायला माझ्या टेबलाशी उभा राहिला. मोटारीचं इंजिन त्यानं चालूच ठेवलं होतं, कारण ते बंद केलं की पुन्हा हँडल मारून मारून घाम निघायचा. माझ्या खिडकीतून आवार दिसायचं. हिलाल मोटारीभोवती एक फेरी मारून आला, इकडं तिकडं बघितलं आणि सरळ ड्रायव्हरच्या जागेवर बसला. पायानं काहीतरी दाबलं, इंजिन गुरगुरलं. मग त्यानं गिअरचा दांडा धरला आणि बावीस वर्षांच्या सवयीनं एका झटक्यात रेटला. क्लच नावाची चीज रेच्याला नसते. ती मोटारीला असते आणि दांडा रेटण्याआधी ती पायानं दाबायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

जात्यात खडा सापडावा तसा आवाज झाला, फक्त जातं खोलीएवढं असावं. गाडी एक उडी मारून बंद पडली.

तोताराम चिठ्ठी तशीच टाकून धावला. मी मागून गेलो.

"हिलालभाऊ, काय व्हयनं?"

हिलाल खाली उतरला होता. चेहरा पांढरा पडलेला, पण मान ताठ. "काही नही. तुनी गाडीना दातच कच्चा शेतस."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. मला इतका राग आला की मी तिथंच काहीतरी बोलणार होतो, पण ज्याची गाडी तोच बोलेना. तोतारामनं मुकाट्यानं गिअरबॉक्सचं झाकण काढलं. काळ्या तेलात लोखंडाचे तुकडे पडले होते. पहिल्या गिअरच्या चाकाचे तीन दात मुळापासून गेले होते आणि चौथा अर्धा. तोतारामनं ते तुकडे एकेक करून वेचले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि रुमालात बांधले. त्या दिवसापासून कोणी विचारलं तर तो एवढंच सांगायचा, "जुनी शे. तुटनी."

आता यातली खरी मेख सांगतो. सरकारी बस सुरू झाली होती आणि आमच्या रस्त्यांवर खाजगी गाड्यांना नवे परवाने मिळणं बंद झालं होतं. जुने होते तेवढेच राहिले होते, आणि त्यातलाही एखादा एकदा रद्द झाला की गेलाच. तोतारामच्या परवान्याची मुदत तीस सप्टेंबरला संपत होती. त्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर धुळ्याच्या मोटार-ऑफिसात हजर करून तपासून घेतली तरच परवाना पुढं चालणार. नाही तर पन्नाशीच्या तोतारामनं बैल हाकायला शिकायचं. शेती त्याच्याकडे नव्हती, दुसरा धंदा येत नव्हता.

मोडकं चाक काढून घेऊन तो आधी धुळ्याला गेला. तिथं आग्रा रोडवर लीलाधरशेठचं गॅरेज होतं, खानदेशातलं मोठं. लीलाधरशेठनं चाक हातात फिरवून पाहिलं आणि खरं तेच सांगितलं, "कंपनीच राहिली नाही, तर पार्ट कुठून आणू? मुंबईला चार पत्रं टाकतो, पण आशा धरू नका. गाडी भंगारात घाला." पत्रं टाकली, चारही ठिकाणांहून नकार आला. तोताराम तेव्हा जाता जाता बोलून गेला की जळगावला जिनात एक फिटर आहे, त्याला विचारतो. त्यावर लीलाधरशेठ हसले. "जिनाच्या लोहारानं मोटारीत हात घालू नये."

तोतारामनं हे वाक्य जसंच्या तसं आणून हिलालसमोर ठेवलं. मुद्दाम ठेवलं की भोळेपणानं, मला अजून कळलेलं नाही.

हिलालनं ते ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "धुळ्याना शेठले सांग, तीस सप्टेंबरले हाई गाडी त्याना दारपुढून जाई. चाक मी बनाडसू. कंपनी मरी गई, मी जित्ता शे."

मॅनेजरनं नेहमीप्रमाणे फाटे फोडले. कारखान्याचं लेथ, कारखान्याची भट्टी, बाहेरचं काम चालणार नाही. हिलाल म्हणाला, "मग माले काढी टाका. दसराले चाळीस रेचे तुम्हीच चालू करा." मॅनेजरला दसऱ्याची तारीख आठवली आणि तो कॅलेंडरकडे बघत निघून गेला.

पहिले पंधरा दिवस हिलाल नुसता मोजत होता. सबंध चाक नवं करायचं तर दात पाडणारं यंत्र हवं, ते जळगावातच काय, धुळ्यातही नव्हतं. म्हणून त्यानं ठरवलं की मोडलेले चारच दात नव्यानं रुजवायचे. शाबूत दातांवर पत्रा ठेवून त्यानं दाताचा फर्मा कापला. एक नाही, अकरा. दहा फेकून दिले. मग चाक भट्टीत लाल केलं आणि चुलीच्या राखेत पुरून ठेवलं, म्हणजे ते हळूहळू निवून मऊ पडतं आणि कानशीला दाद देतं. मोडलेल्या दातांच्या जागी त्यानं खाचा पाडल्या, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, सुतार पेटीच्या कोपऱ्याला सांधा करतो तशा. त्यात बाजूनं लोखंडाचा ठोकळा सरकवायचा, दोन्हीकडून खिळे मारायचे आणि मग कानशीनं घासून घासून दात उभा करायचा. एक दात घासायला चार दिवस लागले. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघायचो. तो फर्मा लावून उजेडाकडं धरायचा आणि फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की शिवी देऊन पुन्हा बसायचा. खरं सांगतो, हात बघत राहावं असा होता.

दातांसाठी त्यानं लोखंड कुठलं घेतलं? रेच्याच्या मोडक्या सुऱ्यांचं. आमच्याकडे त्याहून उंची पोलाद नव्हतंच. कापसातून सरकी वेगळी करणारी ती सुरी, तिला पाणी द्यावं तर हिलालनंच. लाल करून कोणत्या रंगावर बुडवायची हे त्याच्या डोळ्यांत मुरलेलं होतं. दातांनाही त्यानं तेच पाणी दिलं. कडक, खणखणीत, नखानं टिचकी मारली तर वाजेल असं.

वीस ऑगस्टला गिअरबॉक्स बसला. तोताराम, हिलाल आणि मी गिरणा नदीकडं निघालो. सपाटीवर गाडी लोण्यासारखी चालली. हिलाल मागं पाय पसरून बसला आणि रस्त्यानं भेटेल त्याला रामराम करू लागला. बांभोरीच्या चढाला तोतारामनं पहिला गिअर टाकला. अर्ध्या चढावर टणकन आवाज आला, मग दुसरा. गाडी मागं सरकू लागली, मी उडी टाकून चाकाखाली दगड लावला.

झाकण काढलं. नवे चारही दात काचेसारखे तडकले होते.

गाडी बैलांनी ओढून आणावी लागली. ज्यांना तासाभरापूर्वी रामराम केला होता त्या सगळ्यांनी ती वरात पाहिली. कोणी म्हणालं, मिस्तरी, बैलांना गिअर किती? हिलाल गाडीच्या मागं चालत होता. तीन दिवस तो कामावर आला नाही. मी रजिस्टरात त्याच्या नावापुढं काही मांडलं नाही, जागा मोकळी ठेवली.

चौथ्या दिवशी मी पिंप्राळ्याला त्याच्या घरी गेलो. समजूत घालावी, झालं ते झालं म्हणावं, असं मनात होतं. तो ओट्यावर बसला होता आणि मंजुळाबाई, त्याची बायको, आत भाकरी थापत होती. ती शिरपूरकडची. बाप सातपुड्याच्या पायथ्याशी लोहारकी करायचा आणि जहागिरदारांच्या ठासणीच्या बंदुका दुरुस्त करून द्यायचा. बापाला मुलगा नव्हता, त्यामुळं ऐरणीवरचा घण हिनंच मारला. दंड अजूनही तसे होते.

मी काही बोलायच्या आतच तिनं आतून विचारलं, "भाऊसाहेब, यासनी त्या दातले कोनतं पानी दिधं?"

"सुरीचं," मी म्हणालो.

ती पीठ भरल्या हातांनी बाहेर आली. "सुरी कापूस फाडस. दात मार खास. दोन्हीसले एकच पानी कसं चाली? मना बाप बंदूकना घोडा बनाडे. आतबाहीर बठ्ठा घोडा कडक करा ते पहिला बारलेच फुटस आणि डोया जास. वरथिन कडक पाहिजे, मझार नरम."

"बंदूक येगळी, मोटार येगळी," हिलाल पुटपुटला.

"आनि जिन आन मोटार एकच का?"

जूनमध्ये आवारात काय झालं ते तिला कोणी सांगितलं होतं का, मला ठाऊक नाही. मी सांगितलं नव्हतं आणि तोताराम तर स्वतःच्या बायकोलाही सांगणारा नव्हे. हिलालनं माझ्याकडं असं बघितलं की मी वरच्या कौलांचा अभ्यास करू लागलो. मग तो म्हणाला, "नरम लोखंड कोनतं लेऊ?"

तिनं अंगणाच्या कोपऱ्याकडं हात केला. तिथं मोडक्या बैलगाडीचा जुना लोखंडी आस पडला होता, त्याच्यावर दोडक्याचा वेल चढलेला. "तीस वरीस खड्डामा आदळना तो. वाकना, पन तुटना नही."

मोटारीला बैलगाडीचं लोखंड! मला हसू आलं. ते मी गिळलं, कारण हिलाल उठून वेल सोडवायला लागला होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही अशा माणसाला बायकोनं चार वाक्यांत वळवलेलं मी त्या दिवशी पाहिलं, आणि तेही तो वळला आहे हे त्याच्या लक्षात न येता.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई कारखान्यात आली. मॅनेजर म्हणाला, वर्कशॉपात बाईमाणूस नको. ती म्हणाली, "मंग तुम्ही घन मारा," आणि घण त्याच्यापुढं धरला. त्यानं तो उचलूनही पाहिला नाही. ती तापलेला आस ठोकत होती आणि हिलाल तो सांडशीनं फिरवत होता. दोघं नवरा-बायको असं बिनबोलता काम करताना मी कारखान्यात पहिल्यांदाच पाहिली. सहा दिवस ती आली. मी हजेरी मांडणारा माणूस, पण तिचं नाव मी रजिस्टरात लिहिलं नाही, कारण तशी रीत नव्हती. त्याची मला आजही लाज वाटते.

पुन्हा खाचा, पुन्हा खिळे, पुन्हा कानस. या खेपेला दात घडवून झाल्यावर चाक उघड्या आगीत घातलंच नाही. रेच्याच्या रुळांना चामड्याच्या चकत्या लागतात. त्या कापताना उरलेल्या चामड्याच्या कातरणांचा ढीग वर्षानुवर्षं कारखान्याच्या मागं पडून होता. मंजुळाबाईनं ती कातरणं आणि म्हशीचे खूर जाळून त्यांचा कोळसा केला, कुटला, आणि लोखंडी डब्यात चाकाच्या चहूबाजूंनी ठासून भरला. वरून शेणमातीचा लेप, फट म्हणून राहू दिली नाही. पहाटे डबा भट्टीत गेला आणि ऊन उतरेपर्यंत लालच राहिला. भाता दोघं आळीपाळीनं ओढत होते. तिचं म्हणणं असं की चामड्याचा कस लोखंडाच्या कातडीत शिरतो, आत शिरायला त्याला वेळच देऊ नये. डबा फोडून चाक काढलं आणि घाण्यावरच्या भुईमुगाच्या तेलात सोडलं. धुरानं सगळं वर्कशॉप भरलं. मॅनेजर बाहेर पळाला, हे मी समाधानानं नोंदवतो.

तेल निथळल्यावर हिलालनं नव्या दातावर कानस ओढली. कानस नुसती घसरली, ओरखडाही नाही. मग त्यानं हातोडी घेतली. मी म्हणालो, नको रे. त्यानं मारली. दात तसाच. आणखी एक मारली, मग हातोडी मंजुळाबाईच्या हातात दिली. तिनं मारली ती मात्र खरी होती, ऐरण हलली. दात होता तिथंच होता.

बांभोरीच्या चढावर आम्ही सरकीची पोती भरून गाडी बारा वेळा चढवली. आता हिलाल रस्त्यानं कोणालाच रामराम करत नव्हता.

तीस सप्टेंबरला सकाळी आम्ही तिघं निघालो. अर्ज मी लिहिला होता म्हणून मलाही नेलं. एरंडोल, पारोळा, मुकटी करत दुपारच्या आत धुळं गाठलं आणि तोतारामनं न सांगता गाडी आग्रा रोडवरून लीलाधरशेठच्या दारापुढून हळूहळू नेली. शेठ दारात नव्हते. ते मोटार-ऑफिसाच्या आवारात होते, दुसऱ्या गिऱ्हाइकाची लॉरी तपासायला आणली होती. आम्हाला बघून चष्मा पुसत पुढं आले आणि तपासणीच्या साहेबांना म्हणाले, "साहेब, या गाडीचे मोडके दात मी हातात धरून बघितलेत. हे काम जिनातल्या लोहाराचं आहे. झाकण काढून बघा." मला वाईट वाटलं, पण चुकीचं काही ते बोलले नव्हते. त्या गाडीत सात जीव बसणार होते.

साहेब तरुण, काटेकोर होते. झाकण काढलं. सांधे दिसत होते, हिलालनं लपवायचा प्रयत्नही केला नव्हता. "बिल?" साहेबांनी विचारलं. "कुठल्या कंपनीचा माल?"

"बिल नही. लोखंड बैलगाडीनं शे, काम मनं शे. कानस मारीसन देखा."

साहेबांनी कानस मारली. मग लीलाधरशेठनं मारली, जोर लावून. मग साहेबांनी झाकण बसवायला लावलं, आवारातले सात ड्रायव्हर गाडीत कोंबले आणि गाडी पांझरेच्या काठच्या चढाला नेली. मध्यावर थांबवायची, पुन्हा पहिल्या गिअरात उचलायची. असं तीनदा. चौथ्यांदा त्यांनी स्वतः स्टिअरिंग घेतलं. मी खाली उभा राहून नखं खात होतो आणि हिलाल माझ्या शेजारी हात बांधून उभा होता, सासरा जावयाला बघतो तसा.

परत आल्यावर साहेब टेबलाशी बसले. "गाडी ठीक आहे," ते म्हणाले, आणि तोतारामनं डोळे मिटले. "पण मला एक सांगा. पहिल्या गिअरचे चार दात एका वेळी जातात ते कशानं?"

"जुनी शे, साहेब," तोताराम म्हणाला. "तुटनी."

"जुनी म्हणून दात झिजतात," लीलाधरशेठ म्हणाले. "मुळातून जात नाहीत. क्लच न दाबता कोणी दांडा रेटला तरच जातात."

साहेबांनी मान हलवली. "मलाही तेच वाटतं. गाडी मी पास करीन. पण क्लच न दाबता गिअर टाकणाऱ्या माणसाच्या हातात सात माणसं मी कशी देऊ? गाडी पास, ड्रायव्हर नापास, असं लिहावं लागेल. मग परवान्याचा उपयोग नाही."

तोतारामनं एकदा हिलालकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. पंचवीस वर्षं गाडी हाकलेला माणूस तो. "जुनी शे," एवढंच तो पुन्हा म्हणाला. मला सगळं ठाऊक होतं. बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आपण बोललो तर मिस्तरी जन्माचा तुटेल, ही भीती. भित्रेपणाच तो, दुसरं काय. भोवती वीसेक ड्रायव्हर, क्लीनर जमले होते. हिलालला ज्यांना दाखवून द्यायचं होतं ते लीलाधरशेठ हातभर अंतरावर उभे होते. साहेबांनी टाक दौतीत बुडवला.

"थांबा, साहेब."

हिलालचा आवाज मी इतका खालच्या पट्टीत कधी ऐकला नव्हता.

"तोतारामभाऊनी नही तोडा. तो गाडीमा नव्हताच. मी तोडा. इंजिन चालू व्हतं, मी बसनू आणि जिनना पट्टा ढकलतस तसा दांडा ढकला. क्लच काय शे ते माले मालूमच नव्हतं."

कोणीतरी फिसकन हसलं. हसू पसरत गेलं, लीलाधरशेठपर्यंत.

"लायसन्स आहे?" साहेबांनी विचारलं.

"नही."

"कुठल्या रस्त्यावर?"

"रस्त्यावर नाही, साहेब," आता मात्र मी बोललो. "कारखान्याच्या आवारात. फाटकाच्या आत. मी खिडकीतून पाहिलं."

साहेबांनी टाक झटकला. "मग हे तीन महिने कोणी बोललं का नाही?"

"मनं तोंड उघडत नव्हतं," हिलाल म्हणाला. आता आवाज चढला होता, नेहमीचा. त्यानं हसणाऱ्यांकडं एकदा वळून बघितलं, सगळ्यांकडं, एकेकाकडं. "लिखा साहेब. तोडा बी मीच, बसाडा बी मीच. दोन्ही लिखा. आनि उद्या दात तुटना, ते कंपनीले कोठे शोधशात? ती बुडी गई. मना पत्ता लिखी ल्या. हिलाल मिस्तरी, पिंप्राळा."

साहेबांनी तसंच लिहिलं, पत्त्यासकट. खाली हिलालची सही घेतली. मग तोतारामच्या परवान्यावर शिक्का मारला.

त्या दिवसापासून धुळ्याच्या ड्रायव्हरांनी त्याचं नाव दातमोड्या मिस्तरी ठेवलं. पुढं त्याला कारखाना सोडून पिंप्राळ्यात स्वतःचं दुकान काढावं लागलं, एवढे लोक या दातमोड्याला शोधत आले. लीलाधरशेठ दिवाळीनंतर स्वतः आले, फडक्यात एक चाक बांधून. हिलालनं त्यांना आधी मंजुळाबाईला नमस्कार करायला लावला, मग फडकं सोडलं. बोटं मोडणारे त्याला गर्विष्ठ म्हणतात, आणि तो आहेच. नसता तर ती गाडी भंगारात गेली असती.

त्या दिवशी धुळ्याहून परतताना आम्ही पारोळ्याला चहाला थांबलो. तोतारामची गाडी वडाखाली उभी होती आणि दोघं तिच्या पायरीवर शेजारी बसले होते. तोतारामनं बशी ओठाला लावली, खाली ठेवली. तीन महिन्यांत त्या दातांबद्दल त्यानं स्वतःहून उच्चारलेलं मी ते पहिलंच वाक्य ऐकलं.

"मी कोनलेच सांगनार नव्हतू, हिलालभाऊ."

"मालूम शे," हिलाल म्हणाला. "म्हनीसनच मी सांगी दिधं."